जमीन धुण्याचा इतिहास : शिकागो, १९०६

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आज्ञेवरून नील व रेनॉल्ड्स यांनी शिकागोचे मांस-कारखाने पाहिले. घाणेरड्या लाकडी जमिनीवरून मांस फावड्याने उचलले जात असल्याची नोंद त्यांनी केली. ३० जूनला मांस-तपासणी कायदा झाला. पाणी न मुरणाऱ्या, धुता येणाऱ्या जमिनीचे महत्त्व पटले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इपॉक्सीचे सलग थर आले. परंतु उकळत्या पाण्याने इपॉक्सी खालच्या काँक्रीटपेक्षा अधिक प्रसरण पावते. वारंवार तापून-निवून थर सुटतो आणि भेगांत घाण पुन्हा घर करते. सिमेंटयुक्त पॉलियुरेथेनचे प्रसरण काँक्रीटच्या जवळपास असल्याने ते तग धरते.

म्हणून जमीन निवडताना पहिला प्रश्न रंगाचा वा किमतीचा नसावा. ती किती तापलेल्या पाण्याने धुतली जाणार, हे आधी विचारावे.