साडेपाच फूट आणि साडेसोळा मिलिमीटर

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात वाढलेल्या मुलांना आगगाडीची नवलाई नसते. कोणती गाडी जलद, कोणती धीमी, कुठल्या डब्यातून उतरले की जिना समोर येतो, हे त्यांना पाढ्यांसारखे पाठ असते. पण दोन रुळांमध्ये अंतर किती, असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. खरे सांगायचे तर आम्हालाही ते नेमके सांगता आले नसते. घरातल्या एका खेळामुळे ते शिकण्याची वेळ आमच्यावर आली.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या आमच्या घरी आम्ही छोट्या आगगाडीची मांडणी करायला घेतली. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दिवाळीत मुले किल्ला करतात. त्यात डोंगर असतो, तळे असते, अळीव पेरून उगवलेली हिरवळ असते. तसाच ठाणे ते कल्याण हा रेल्वेमार्ग करायचा, आणि तोही १८५४ साली पहिल्यांदा सुरू झाला तेव्हाचा, असे ठरले. इंजिन, दोन डबे आणि रूळ असा एक संच विकत आणला. आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवुडवर रूळ जोडले. गाडी फिरू लागली आणि आम्ही खूष झालो.

शेजारचे आजोबा रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालेले. त्यांना मुलांनी कौतुकाने बोलावून आणले. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गाडी झकास आहे हो, पण रूळ जवळ आलेत तुमचे." आम्ही ते हसण्यावारी नेले. ते गेल्यावर मुलीने मोजपट्टी काढली.

संचाच्या खोक्यावर १:८७ असे प्रमाण छापलेले होते. म्हणजे खऱ्या गाडीतले ८७ मिलिमीटर इथे १ मिलिमीटर. रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, ज्याला रेल्वेत गेज म्हणतात, ते भरले १६.५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेज मार्गाचा गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे ५ फूट ६ इंच आहे. त्याला ८७ ने भागले की १९.३ येतात. आमचे रूळ पावणेतीन मिलिमीटरांनी जवळ होते! उलटे गणित केले तर आणखी गंमत. १६.५ गुणिले ८७ म्हणजे सुमारे १४३५ मिलिमीटर, अर्थात ४ फूट साडेआठ इंच. हा तर इंग्लंडचा गेज. आमची गाडी पारसिकच्या डोंगराखालून जात होती खरी, पण इंग्लंडच्या रुळांवरून. आजोबांच्या नुसत्या नजरेने जे पकडले, ते आम्हाला भागाकार करून कळले.

मग दोन प्रश्न उभे राहिले. आपले साडेपाच फूट कुठून आले? आणि खेळण्यातले साडेसोळा मिलिमीटर कुठून आले?

साडेपाच फुटांची कथा

४ फूट साडेआठ इंच हे अंतर उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींतल्या गाडीवाटांवरून आले. जॉर्ज स्टीव्हन्सनने आपल्या रेल्वेसाठी तेच उचलले. पुढे ब्रुनेल या अभियंत्याने ७ फुटांहून थोडा अधिक गेज वापरला आणि दोन्ही पक्षांत मोठे भांडण जुंपले. जिथे दोन गेज भेटत, तिथे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. अखेर १८४६ साली कायदा झाला आणि ब्रिटनमधल्या नव्या मार्गांसाठी स्टीव्हन्सनचा गेज प्रमाण ठरला.

भारतात रेल्वे आणण्याची खटपट याच सुमारास चालली होती. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई यांच्यासारखी मंडळी त्यात होती. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी कायद्याने स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा कल सुरुवातीला इंग्लंडच्या गेजकडेच होता. पण सरकारचे सल्लागार अभियंता सिम्स यांनी ५ फूट ६ इंच सुचवले, तर गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला ६ फूट हवे होते. भारतात येण्यापूर्वी डलहौसीने इंग्लंडच्या व्यापार मंडळाचा कारभार पाहिला होता, आणि तोही रेल्वेचे वेड शिगेला पोचलेल्या काळात. गेज एकदा ठरला की नंतर बदलणे किती महाग पडते, हे त्याने जवळून पाहिले होते. शेवटी ५ फूट ६ इंचांवर तडजोड झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन पहिली प्रवासी गाडी निघाली, ती याच गेजवर. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली आणि कंत्राटदार फॅव्हिएल व फाउलर.

साडेसोळा मिलिमीटरांची कथा

खेळण्यातल्या रुळांनाही असाच इतिहास आहे. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणले. त्यामुळे एकदा गाडी घेतली की पुढच्या वर्षी आणखी रूळ आणि डबे घेऊन तिला जोडता येऊ लागले. पुढे या मापांत सर्वांत लहान ठरले 'शून्य' गेज, ३२ मिलिमीटरांचे. घरे लहान होत गेली तशी टेबलावर मावेल अशी गाडी हवीशी झाली आणि शून्याचे निम्मे करून 'एचओ' म्हणजे 'अर्धे शून्य' आले. त्यात १ फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर आणि गेज १६.५ मिलिमीटर.

इंग्लंडमध्ये मात्र अडचण आली. तिथली खरी इंजिनेच अंगाने बारीक, त्यामुळे या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. म्हणून त्यांनी इंजिन व डबे १ फुटाला ४ मिलिमीटर असे मोठे केले आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. तिथले हौशी लोक ही चूक माहीत असूनही आजवर तिच्यासह खेळत आले आहेत. तेव्हा चूक करणारे आम्ही एकटे नव्हतो!

आपल्याकडेही या छंदाला परंपरा आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. डोंगर, गाव, सिग्नल आणि ठरल्या क्रमाने धावणाऱ्या गाड्या तिथे एकत्र पाहायला मिळतात. शाळेची सहल न्यावी असे ते ठिकाण आहे.

तीन मिलिमीटरांचा फूट

आता आमच्यापुढे पेच होता. रुंद रूळ स्वतः बनवायचे तर चाकेही बदलावी लागणार, आणि ते आमच्या हातचे नव्हते. मुलीने प्रश्न उलटा केला. रूळ बदलता येत नसतील तर प्रमाण बदलले तर? साडेपाच फूट म्हणजे साडेसोळा मिलिमीटर व्हायला हवे असतील, तर एक फूट म्हणजे किती? १६.५ भागिले ५.५ म्हणजे बरोबर ३. बाकी शून्य! १ फूट म्हणजे ३ मिलिमीटर, प्रमाण १:१०१.६. बाजारातल्या साडेसोळाच्या रुळांवर आपला ब्रॉडगेज तंतोतंत बसतो, फक्त गाडी, पूल, घरे, माणसे सगळे फुटाला ३ मिलिमीटर या मापाने स्वतः करावे लागते. विकतचे डबे आम्ही बाजूला ठेवले. इंजिनाचा चाकांचा सांगाडा तेवढा वापरला आणि वरचा भाग पुठ्ठ्याचा केला.

काय ठेवायचे, काय सोडायचे

ठाण्याहून कल्याणला जाणारा मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. अंतर सुमारे २० किलोमीटर. आमच्या प्रमाणात ते १९७ मीटर होते! आणि आमच्याकडे होते आठ फूट, म्हणजे खरे पाहता २४८ मीटर. आजच्या बारा डब्यांच्या लोकलची लांबीच साधारण एवढी. दोनशे मीटरांचा डोंगर छताच्या दिशेने दोन मीटर चढला असता. ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण साधारणपणे देत नाहीत; आमच्या मापात ते पावणेदोन मीटर झाले. चार फूट रुंद फळीवर एवढ्या त्रिज्येने गाडी वळून परत येऊच शकत नाही. १८५४ साल निवडल्याचा फायदा इथे झाला, कारण तेव्हाचे छोटे चारचाकी डबे तीव्र वळणावरूनही जातात.

सगळे घेता येत नाही म्हटल्यावर निवड करावी लागली. आम्ही तीन जागा ठेवल्या: ठाण्याच्या खाडीवरचा पूल, पारसिक डोंगराचा पायथा आणि कल्याण. बाकीचे अंतर गाळले.

पायथ्याशी काम करताना एक गोष्ट हाताला कळली. मार्ग डोंगर फोडून सरळ न जाता खाडीच्या कडेने मुंब्र्याकडे वळसा घेतो. असे का? बोगदा खोदायला तेव्हा हातातली पहार आणि बंदुकीची दारू एवढीच साधने होती. नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले ते १८६७ मध्ये. बोर घाटात दुसरी वाटच नव्हती, तिथे कंपनीने बोगदे खोदलेच. पण इथे वळसा घालायला जागा होती. सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा १९१६ साली सुरू झाला आणि तो वळसा टळला.

धाकट्याला मात्र बोगदा हवाच होता. शिवाय ठाकुर्लीचे चोळा वीजघरही हवे होते. ते रेल्वेच्या विजेसाठी १९२९ मध्ये सुरू झाले. बरीच वादावादी झाली. शेवटी वीजघर रद्द झाले आणि बोगद्याच्या जागी कागदी लगद्याच्या डोंगरावर पेन्सिलीने फक्त एक गोल काढला. बासष्ट वर्षांनी इथे तोंड उघडेल, एवढेच सांगणारा तो गोल.

कल्याणलाही असेच झाले. १८५४ मध्ये कल्याण हे शेवटचे स्थानक होते. पुढे १८५५ मध्ये वासिंदकडे आणि १८५६ मध्ये खोपोलीच्या बाजूला मार्ग गेला आणि कल्याण हे फाट्याचे स्थानक झाले. आम्ही तिथे सांधा बसवला नाही. मार्ग भिंतीपाशी संपवला.

रवा, नटबोल्ट आणि माणसे

तपशिलांनीही पुष्कळ शिकवले. रुळांखालची खडी म्हणून आम्ही मोहरी पसरली. पण मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरांचा, म्हणजे खरा दगड १५ ते २० सेंटिमीटरांचा झाला! खडी साधारण पाच सेंटिमीटरांची असते, तेव्हा दाणा अर्ध्या मिलिमीटरचा हवा. बारीक रवा मापात बसला, पण दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. मग रव्याच्याच चाळणीने वाळू चाळून घेतली.

पुठ्ठ्याचे डबे सारखे घसरत. लांबी १०१.६ पट कमी झाली की आकारमान, आणि म्हणून वजन, त्याच्या घनाने, म्हणजे साडेदहा लाख पटींनी कमी होते. दहा टनांचा डबा जेमतेम साडेनऊ ग्रॅमचा होतो. दुसरीकडे आमच्या हातच्या चुका मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. दोन रुळांच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, तर ती खऱ्या मार्गावरची पाच सेंटिमीटरची पायरी. अशा मार्गावर खरी गाडीही टिकणार नाही. आम्ही डब्यांच्या तळाशी नटबोल्ट चिकटवले आणि सांधे कानशीने घासले.

वेगाचेही तसेच. पहिल्या गाडीने ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर ५७ मिनिटांत कापले असे सांगतात. म्हणजे सेकंदाला १० मीटर. आमच्याकडे १० सेंटिमीटर. आठ फूट जायला चोवीस सेकंद लागायला हवेत. आमचे इंजिन ते पाच सेकंदांत जात होते, म्हणजे ताशी सुमारे १७८ किलोमीटर वेगाने!

शेवटी माणसे. साडेपाच फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर साडेसोळा मिलिमीटर होतो, रुळांतल्या अंतराएवढा. तारेची आणि कागदाची माणसे करताना आम्ही आधी पाहुणे केले, टोप्या घातलेले साहेब केले. मग लक्षात आले की पूल बांधणारे कुणीच नाही. बर्कली, फॅव्हिएल, फाउलर ही नावे सगळ्या पुस्तकांत मिळतात. भराव घालणाऱ्या, डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे आम्हाला कुठेही मिळाली नाहीत. माप मात्र त्यांचेही तेच, साडेसोळा. पुलाच्या एका टोकाशी आम्ही त्यांची रांग उभी केली.

हे सारे करायला विकतची गाडी लागतेच असे नाही. शाळेच्या मैदानात १:१००० प्रमाणात खडूने ठाणे ते कल्याण आखले तर रेघ २० मीटरांची होते. खाडी, डोंगर, फाटा कुठे येतात ते विद्यार्थ्यांना नकाशावरून शोधू द्या. प्रत्येक ठिकाणी साल लिहायला लावा. २०२२ मध्ये ठाणे आणि दिवा यांच्या दरम्यान सुरू झालेल्या पाचव्या-सहाव्या मार्गिकांपर्यंत यादी नेता येईल. आणि त्या रेघेवर रुळांतले अंतर किती ठेवावे लागेल, हेही विचारा.

आमच्या मांडणीच्या कडेला एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर दोन रकाने आहेत. 'मापात आहे' या रकान्यात गेज, पूल, डबे, माणसे. 'मापात नाही' मध्ये अंतर, डोंगराची उंची, वळण, डब्यांचे वजन. पाहायला येणाऱ्या मुलांना आम्ही पेन्सिल देतो. दुसरा रकाना अजून वाढतो आहे. आजोबांनी त्यात परवा एक ओळ घातली: "फाटकवाला झोपलेला दिसतो."