सॉनिकचा चेहरा बदलला, पण बदलणाऱ्यांचं काय झालं?

मंडळी, आपल्या पेपरात एक चौकट तुम्ही नेहमी बघता : 'बातमीचा दणका'. पाइपलाइन फुटली, बातमी छापून आली, दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं हजर. आम्हा पत्रकारांची ही लाडकी चौकट. आज अशाच एका दणक्याचा इतिहास सांगतो. इथे पाइपलाइनच्या जागी सिनेमातला एक निळा प्राणी आहे. आणि त्या दणक्यामागे दुसरी एक बातमी आहे, जिची चौकट कुणी केली नाही.

आधी हा प्राणी कोण ते सांगतो. 'सॉनिक द हेजहॉग'. हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेला, पण ओंजळीत मावेल एवढा जीव. 1991 साली जपानच्या सेगा कंपनीने हा गेम आणला. समोर स्पर्धेला निन्टेंडोचा मारिओ. तो मिशीवाला मारिओ आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सेगाला त्याच्या तोडीचा चेहरा हवा होता. नाओतो ओशिमा यांनी तो काढला, युजी नाका यांनी प्रोग्रामिंग केलं. अंगाचा रंग सेगाच्या लोगोचा निळा, पायात लाल बूट, हातात पांढरे हातमोजे, आणि डोळे कसे, तर एकाच पांढऱ्या भागात दोन बुबुळं. मारिओ उड्या मारत जायचा, हा सुसाट सुटायचा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात जी पोरं लहानाची मोठी झाली, त्यांच्यासाठी सॉनिक म्हणजे घरातलाच एक.

पुढे पॅरामाउंटने त्याच्यावर सिनेमा काढायला घेतला. दिग्दर्शक जेफ फाउलर, त्यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा. खलनायक जिम कॅरी. 30 एप्रिल 2019 ला ट्रेलर आला आणि लोक उडालेच. सॉनिक खऱ्या माणसांच्या जगात खरा वाटावा म्हणून त्याला माणसाच्या जवळ नेला होता. डोळे बारीक आणि वेगवेगळे, अंग माणसासारखं, पाय धावपटूचे, आणि तोंडात चक्क माणसाचे दात! ते दात बघून लोक हसले, घाबरले, चिडले. कुणी मीम केले. आणि बऱ्याच जणांनी तर स्वतः सॉनिकचं दुरुस्त चित्र काढून टाकलं, की बाबांनो, असा करा. म्हणजे तक्रार केली आणि सोबत दुरुस्तीही दिली.

आता वेग बघा. ट्रेलर आला 30 एप्रिलला. 2 मे ला फाउलर यांनी ट्विटरवर जाहीर केलं, की तुमचं म्हणणं पोचलं, सॉनिक बदलणार. फक्त दोन दिवस! 24 मे ला तारीखही पुढे गेली. 8 नोव्हेंबर 2019 ला येणारा सिनेमा आता 14 फेब्रुवारी 2020 ला येणार होता. त्या ट्विटला एक गमतीचा हॅशटॅग जोडलेला होता. त्याचा अर्थ असा, की या सिनेमाच्या निर्मितीत एकाही व्हीएफएक्स कलाकाराला इजा झालेली नाही. हा हॅशटॅग लक्षात ठेवा.

नवा चेहरा घडवण्यात टायसन हेस या चित्रकाराचा मोठा वाटा होता. हा माणूस सॉनिकच्या कॉमिक्समध्ये आणि 2017 च्या 'सॉनिक मेनिया' गेमच्या ॲनिमेशनमध्ये काम केलेला, म्हणजे पात्राशी जुनी ओळख असलेला. डोळे मोठे झाले, हातमोजे आले, ओळखीचे लाल बूट आले, दात सुधारले. 12 नोव्हेंबरला नवा ट्रेलर आला आणि ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

'बदलला' हा शब्द आपण सहज म्हणून जातो. पण हा काही नटाचा मेकअप नव्हे, की पुसला आणि नवा लावला. कॉम्प्युटरवरचं पात्र आधी मातीच्या मूर्तीसारखं घडवावं लागतं. मग त्याला हलवायला आतला सांगाडा. त्यावर केस, काटे. मग प्रत्येक दृश्यात त्याची हालचाल, ओठ, नजर. मग त्या खोलीतला उजेड त्याच्या अंगावर पाडायचा. खऱ्या नटांचं शूटिंग झालेलं होतं. त्यांनी जिथे रोखून पाहिलंय, तिथेच नव्या सॉनिकचे डोळे यायला हवेत. हे सगळं करणारी माणसं असतात. खुर्चीत बसून, रात्री जागून, एकेका दृश्यावर.

यातलं बरंचसं काम मूव्हिंग पिक्चर कंपनी, म्हणजे एमपीसी या मोठ्या कंपनीच्या कॅनडातल्या व्हँकुव्हर स्टुडिओत झालं. डिसेंबर 2019 मध्ये, म्हणजे नव्या ट्रेलरवर टाळ्या पडून महिनाही झालेला नसताना आणि सिनेमा यायला दोन महिने बाकी असताना, तो स्टुडिओ बंद झाला. बातम्यांनुसार सुमारे 80 जणांचं काम गेलं. कंपनीने कारण दिलं ते तिथल्या बाजाराच्या दबावाचं आणि दुसरीकडे असलेल्या चांगल्या संधींचं. सॉनिकमुळे स्टुडिओ बुडाला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण या धंद्याची रीत समजून घ्या. जिथलं सरकार करात जास्त सवलत देतं, तिकडे काम सरकतं. काम सरकलं, की माणसाने एक तर बिऱ्हाड उचलायचं, नाही तर घरी बसायचं.

सिनेमा 14 फेब्रुवारी 2020 ला लागला आणि धो धो चालला. जगभरात सुमारे 31 कोटी 90 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वादोन हजार कोटी रुपयांच्या आसपास गल्ला जमला. 2022 ला दुसरा भाग आला, 2024 च्या डिसेंबरला तिसरा. तो जुना दातवाला सॉनिकसुद्धा 2022 च्या 'चिप अँड डेल : रेस्क्यू रेंजर्स' या सिनेमात स्वतःचीच थट्टा करून घ्यायला हजर होता. टाकून दिलेल्या चेहऱ्यालाही काम मिळालं!

हे पहिल्यांदा घडलंय असंही नाही. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ आठवतो? तो घडवण्यात ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी आघाडीवर होती. तिचे स्टुडिओ आपल्या मुंबईत आणि हैदराबादलाही होते. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं. व्यासपीठावर बिल वेस्टेनहॉफर कंपनीच्या अडचणीबद्दल बोलू लागले, तोच वाद्यवृंद वाजला आणि त्यांचा आवाज बंद झाला. बाहेर कलाकार निदर्शनं करत होते. आणि एमपीसीची मालक असलेली टेक्निकलर 2025 च्या फेब्रुवारीत कोसळली, तेव्हा बेंगळुरूच्या कलाकारांच्या नोकऱ्याही एका झटक्यात गेल्या. हे दूरचं वाटत असेल तर सांगतो, आपल्या तालुक्यातून पुण्या-मुंबईला ॲनिमेशनचे कोर्स करायला जाणारी पोरं याच बाजारात उतरणार आहेत.

चाहत्यांच्या रागाचा इतिहास तसा जुना आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी 1893 साली शेरलॉक होम्सला मारलं, वाचक खवळले. होम्स जिवंत परतला 1903 ला. तिथे दहा वर्षं लागली, इथे दोन दिवस. पण खरा फरक वेगाचा नाही. होम्सला परत आणायला डॉयल यांनी स्वतः लेखणी उचलली. ज्याने निर्णय घेतला, त्यानेच कष्ट केले. सॉनिकच्या वेळी चूक वरच्यांनी मंजूर केली, बदल दिग्दर्शकाने जाहीर केला, कौतुक चाहत्यांच्या एकजुटीचं झालं आणि काम भलत्याच माणसांनी केलं.

चाहते चुकले असं मला म्हणायचं नाही. ते बरोबर होते, सॉनिक खरंच सुधारला. त्यांचं ऐकलं गेलं कारण तिकीट तेच काढणार होते. कलाकारांच्या हातात तिकीट नव्हतं, युनियनही बहुतेक ठिकाणी नव्हती. म्हणून इजा झाली नाही हे त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच हॅशटॅगमध्ये सांगून टाकलं.

मागणी जरूर करावी. ओरडल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? फक्त मागणी मान्य झाली, की गुलाल उधळायच्या आधी आणखी एक प्रश्न विचारावा : आता हे काम कोण करणार, किती दिवसांत, आणि त्याचा पगार वेळेवर होणार का? पाइपलाइन रात्रीत जोडली जाते, तेव्हा कमरेएवढ्या चिखलात उतरलेला कंत्राटी कामगारही कुणाचा तरी घरधनी असतो. 'बातमीचा दणका' या चौकटीत त्याच्यासाठी दोन ओळींची जागा निघू शकते.