एका ठरावाची ८८ वर्षे



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. तेव्हा या व्यासपीठावरून इतिहास सांगण्याचा माझा अधिकार किती, हे मी जाणून आहे. पण सभा, ठराव, वर्गणी आणि समिती या चार गोष्टींत माझी तीस वर्षे गेली. आणि आज जो इतिहास सांगणार आहे तो बराचसा याच चार गोष्टींचा आहे.

प्रश्न जुनाच आहे. देवाधर्माचे मनापासून करणारी माणसे आपल्या शिकवणीप्रमाणे वागतात काय? याची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक म्हणतो, सगळे ढोंग आहे. दुसरा म्हणतो, खरा भक्त तसा वागतोच. जो वागत नाही तो खरा भक्तच नव्हे. पहिले उत्तर आळसाचे आणि दुसरे पळवाटेचे. म्हणून मी मुद्दाम असा एक पंथ निवडला आहे, की ज्याची निष्ठा तुरुंगात घासूनपुसून सिद्ध झाली होती. तो म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतील क्वेकर पंथ.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स याने हा पंथ उभा केला. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश आहे, हे त्याचे मूळ सूत्र. त्यातूनच बाकीचे निघाले : पगारी पाद्री नको, शपथ नको, युद्ध नको आणि सरदार-दरकदारांपुढे टोपी काढणेही नको. या आग्रहापायी हजारो क्वेकरांनी तुरुंग भोगला. तेव्हा ही माणसे भित्री नव्हती आणि दांभिकही नव्हती.

आणि तरीही हीच माणसे गुलाम बाळगीत होती. फॉक्स १६७१ साली बार्बाडोस बेटावर गेला. तेथील क्वेकर मळेवाल्यांना त्याने सांगितले, की गुलामांना दयेने वागवा, धर्म शिकवा, काही वर्षांनी मोकळे करा. गुलामगिरीच मोडा, असे मात्र तो म्हणाला नाही. १६८१ साली विल्यम पेन याला पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली. धर्मासाठी छळ सोसलेल्यांना त्याने तेथे आसरा दिला. पण त्याच्या पदरीही गुलाम होते.

फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊन गावी १६८८ साली चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध एक पत्र लिहिले. त्यांतला पास्टोरियस हा कायदा शिकलेला, तर ऑप डेन ग्रेफ बंधू विणकर होते. त्यांचे म्हणणे सरळ होते : आपल्याशी जसे वागू नये असे वाटते, तसे दुसऱ्याशी वागू नये, मग माणसांची गुरांसारखी खरेदी-विक्री कशी चालते? उद्या हे गुलाम स्वातंत्र्यासाठी उठले, तर हाती तलवार न धरणारे तुम्ही काय करणार?

हे पत्र मासिक सभेपुढे गेले. सभेने म्हटले, विषय फार वजनाचा आहे, त्रैमासिक सभेकडे पाठवा. त्रैमासिक सभेने ते वार्षिक सभेकडे पाठवले. वार्षिक सभेने ठरवले, की यावर निर्णय देणे आम्हांला उचित वाटत नाही. पत्र दप्तरी पडले, ते १८४४ साली पुन्हा लोकांच्या हाती आले. श्रोतेहो, ही रीत माझ्या चांगल्या ओळखीची आहे. कामगाराचा अर्ज असाच खात्यातून मॅनेजरकडे, मॅनेजरकडून हेड ऑफिसकडे जातो. नाही कोणीच म्हणत नाही. अर्ज मात्र मरतो.

असे का झाले? पंथाच्या वार्षिक सभेत ज्यांचा शब्द चाले त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःच गुलामांचे मालक होते. पुस्तक छापण्यास परवानगी देणारी समितीही अशाच वजनदार मंडळींच्या हाती होती. दिवाणखान्यात बसून सूत्र मान्य करण्यास पैसा पडत नव्हता. अंमल करायचा तर घरची मालमत्ता सोडावी लागणार होती.

पण गप्प न बसणारेही त्याच पंथात निपजले. बेंजामिन ले हा चार फुटांच्या आसपास उंचीचा, पाठीला कुबड असलेला माणूस. आधी हातमोजे शिवणारा, मग खलाशी. बार्बाडोसमध्ये त्याने गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. १७३८ साली बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो झग्याखाली शिपायाचा वेश घालून गेला. धर्मग्रंथासारखे दिसणारे एक पोकळ पुस्तक त्याच्या हाती होते, आत लाल रसाने भरलेली पिशवी. त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि तो लाल रस जवळच्या मंडळींवर उडाला. पंथाने त्याला उचलून बाहेर घातले आणि सभासद मानण्याचे सोडले.

दुसरा जॉन वुलमन, धंद्याने शिंपी. तरुणपणी तो एका दुकानात नोकरीस असताना मालकाने त्याला एका गुलाम बाईच्या विक्रीचा कागद लिहावयास सांगितला. मन कचरले, तरी नोकरीपुढे त्याने तो लिहिला. ती टोचणी जन्मभर राहिली. पुढे त्याने असे कागद लिहिणे सोडले. गुलाम असलेल्या घरी मुक्काम पडला, तर निघताना गुलामांच्या सेवेचे पैसे तो त्यांच्या हाती देई. तो ओरडला नाही, घरोघर गेला.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवले, की जे गुलामांची खरेदी-विक्री करतील त्यांना पंथाच्या कारभारात बसू द्यावयाचे नाही आणि त्यांची वर्गणीही घ्यावयाची नाही. शिवाय मालकांच्या घरी जाऊन त्यांना समजावण्यासाठी समिती नेमली, तीत वुलमन होता. वर्गणी नाकारणे म्हणजे काय, हे ज्याने संस्था चालवली आहे त्यालाच कळेल! शेवटी १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्यास सभासदत्वच नाही, असा नियम झाला. डेलावेअरच्या वॉर्नर मिफ्लिनने तर सोडलेल्या गुलामांना मागच्या कामाची मजुरीही चुकती केली. आमच्या भाषेत याला थकबाकी म्हणतात.

१६८८ ते १७७६ म्हणजे ८८ वर्षे. तेवढ्यात कित्येक गुलाम जन्मले, राबले आणि मेले. आणि १७७६ नंतरही हिशेब पुरा झाला नाही. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या शिक्षिका सेरा मॅप्स डग्लस यांनी सांगितले आहे, की क्वेकरांच्या प्रार्थनागृहात काळ्या माणसांसाठी वेगळे बाक असे.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने १८६५ साली बंद झाली. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या कामी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपण जाणताच. त्या झटण्याच्या मुळाशी जर्मनटाऊनचे ते बाजूला पडलेले पत्रही आहे.

आता कोणी म्हणेल, ही धर्माची गोष्ट. तुम्हां युनियनवाल्यांचे काय? आमचेही सूत्र आहे : कामगार तेवढा एक. पण मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून विणखात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू देत नसत, आणि आड येणारे त्यांचे सोबती कामगारच होते. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. लाल बावट्याखालीही वेगळे बाक होतेच.

आणि माझे स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या करारावर मी सही केली. कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली. कंत्राटी कामगारांचे कलम ‘पुढील चर्चेसाठी’ म्हणून राखून ठेवले. ते वाक्य मीच सुचवले होते. वर्गणी कायम कामगारांची होती. सहीनंतर फाटकावर एक कंत्राटी झाडूवाला मला म्हणाला, “साहेब, एकीच्या घोषणा आम्हीपण दिल्या होत्या की.” मला उत्तर सुचले नाही.

म्हणून भक्त माणूस शिकवणीप्रमाणे वागतो का, असे कोणी विचारले, की मी सांगतो : जेथे त्याचे काही खर्ची पडत नाही तेथे बहुधा वागतो; जेथे खर्ची पडते तेथे बहुधा चुकतो. म्हणून मी शिकवणीला निकामी म्हणत नाही. विणकरांनी पंथाला पकडले ते पंथाच्याच सूत्राने, आणि झाडूवाल्याने मला पकडले ते माझ्याच घोषणेने. आठवण देणाऱ्या माणसाचे तुम्ही काय करता, एवढे पाहावे. त्याला उचलून बाहेर घालता, की त्याच्याबरोबर घरोघर जाता?

ते राखून ठेवलेले कलम आम्ही पुढच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर घातले आहे. ते पदरात पडेल की नाही, हे आज सांगता येत नाही. पण त्यावर वर्गणीदारांची मते घेतली तेव्हा सभा दोन तास चालली, आणि बरीच मंडळी रागाने उठून गेली. राहिली त्यांना घेऊन आम्ही घरोघर जाण्यास आरंभ केला आहे.