हॉट रॉड : शर्यतीची आणि रस्त्यावरची

* हॉट रॉड म्हणजे जुन्या अमेरिकी मोटारीचे, बहुतेकदा १९३२च्या फोर्डचे, वजन घटवून आणि इंजिनाची ताकद वाढवून केलेली वेगवान गाडी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियात ही हौस फोफावली. लेखक तिला ‘खरी रस्त्यावरची’ म्हणतो, तेव्हा नंबरप्लेट, दिवे आणि हॉर्न आहेत एवढाच अर्थ घेऊ नये. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या शर्यतीत इंजिनाला काही सेकंदच पूर्ण जोर लावायचा असतो; म्हणून रेडिएटर लहान चालतो, कित्येकदा अल्टरनेटरही नसतो. तीच गाडी भर उन्हात सिग्नलला अडकली की पाणी उकळू लागते. कॉम्प्रेशन फार वाढवले असेल, तर पंपावरच्या साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देते. उग्र कॅमशाफ्टमुळे आयडलिंगला व्हॅक्यूम कमी पडतो आणि ब्रेक जड होतात. शर्यतीच्या गिअरिंगवर लांबचा प्रवास तर इंजिनाचा छळच. तिथे ओव्हरड्राइव्ह हवा. अमेरिकेतल्या ‘हॉट रॉड’ मासिकाने २००५मध्ये सुरू केलेली ‘ड्रॅग वीक’ ही याची चोख परीक्षा आहे : पाच दिवस शर्यती, आणि एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाण्याचा, एकूण सुमारे १,००० मैलांचा प्रवास त्याच गाडीने, मदतीची गाडी सोबत न घेता. ट्रेलरवर लादून शर्यतीला आणलेली गाडी, कितीही वेगवान असली तरी, प्रस्तुत संपादकाच्या मते या वर्णनात बसत नाही. – संपा.