टाक्यांतला इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला ताम्रपट आणि बखरी आठवतात. शिवण कोणाला आठवत नाही. इंग्रजी ठिगळकामाची एक रीत पाहा. कागदाचा आकार कापून त्यावर कापड दुमडावयाचे, कच्चा टाका घालावयाचा, मग कडेला कड बारीक टाक्यांनी जोडावयाची. काम पुरे झाल्यावर कागद बहुधा काढून टाकीत. परंतु 'ई. एच.' ही अक्षरे आणि १७१८ हे साल असलेल्या एका रेशमी पलंगपोसात ते कागद आतच राहिले. २००० साली ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डने तो मिळविला. पुढे सभासदांनी त्याची प्रतिकृती शिवताना पशुपक्ष्यांची अवघड वळणे साधण्याची विद्या बोटांनी पुन्हा आत्मसात केली. शिवणाऱ्याचे नाव दोन अक्षरांपुरते उरले. विद्या मात्र टाक्यांतून पुढच्या हातांपर्यंत पोचली. हीही एक बखरच होय.