लहान पेट्रोल एंजिन : नित्य निगा

ब्रश कटर, पॉवर वीडर, छोटे जनित्र यांवरील एक सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या एंजिनाची ठरावीक काळाने करायची तपासणी व सफाई. अशा चार-स्ट्रोक एंजिनात बहुधा तेलपंप नसतो. क्रँककेसमधले तेल शिंतोड्यांनीच सर्वत्र पोचते. म्हणून त्याची पातळी रोज, एंजिन सपाट जागी ठेवून पाहतात. नव्या एंजिनाचे पहिले तेल लवकर बदलतात, कारण त्यात धातूचा बारीक कीस उतरलेला असतो. पुढे साधारण ५० ते १०० तासांनी. दोन-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळतात. ते उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच, अंदाजपंचे नव्हे.

बरेचसे बिघाड मात्र एंजिन बंद पडून असताना होतात. हंगामानंतर टाकीत राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर धरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओलही शोषते. टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे, हा काही मिनिटांचा उपाय हमखास विसरला जातो आणि जूनमध्ये दोरी ओढून हात दुखतात.

स्पंजचा हवा-फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलाचा हलका हात देऊन बसवतात. स्पार्क प्लगवरची काजळी काढतात; टोकांतील फट सामान्यतः ०.७ ते ०.८ मिमी असते. कोणत्याही कामाआधी प्लगची टोपी काढून ठेवतात.