'ए-फोर' कागदामागचे गणित

झेरॉक्सच्या दुकानात 'ए-फोर की लीगल?' हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो, की या आकारांमागे काही शास्त्र असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. हे आकडे वरकरणी विचित्र वाटले, तरी त्यांचे मूळ दोनच्या वर्गमुळात आहे.

कागदाची लांबी रुंदीच्या सुमारे १.४१४ पट ठेवली, तर तो मधोमध कापल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या भागाचे प्रमाणही तेच राहते. अन्य कोणत्याही प्रमाणात हे साधत नाही. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मध्ये एका पत्रात या गुणधर्माचा उल्लेख केला होता. वाल्टर पोर्स्टमान यांनी त्यावर आकारांची मालिका रचली. जर्मनीने १९२२ मध्ये ती प्रमाण मानली आणि १९७५ मध्ये ती 'आयएसओ २१६' हे आंतरराष्ट्रीय मानक बनली.

मालिकेतील सर्वांत मोठ्या ए-झिरो तावाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. त्यातून ए-फोरचे १६ कागद निघतात. त्यामुळे प्रति चौरस मीटर ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचा एक ए-फोर बरोबर ५ ग्रॅम भरतो. पाकिटाचे वजन काट्याशिवाय सांगता येते. ए-थ्रीवरील मजकूर मूळ आकाराच्या ७१ टक्क्यांपर्यंत लहान केला, की ए-फोरवर नेमका बसतो.

मात्र काटेकोर मानकातही गमती आहेत. मापे पूर्ण मिलिमीटरमध्येच देण्याच्या नियमामुळे ए-झिरोचा ताव (८४१ बाय ११८९ मि.मी.) चौरस मीटरला ५१ चौरस मिलिमीटरने कमी पडतो. ए-फाइव्हची रुंदी १४८ मि.मी. असल्याने असे दोन कागद शेजारी ठेवल्यास ए-फोरपेक्षा एक मिलिमीटर कमी भरतात. जपानमधील 'बी-फोर' तर आंतरराष्ट्रीय 'बी-फोर'पेक्षा काहीसा मोठाच असतो.

अमेरिका व कॅनडाने ही मालिका स्वीकारलीच नाही. तेथील 'लेटर' कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा, म्हणजे ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. तिकडून आलेला अर्ज येथे जसाच्या तसा छापल्यास कडेची अक्षरे कापली जाण्याची शक्यता असते, ती यामुळेच.

आपल्याकडे ए-फोर रुळला असला, तरी 'फुलस्केप' शाळेत आणि 'डेमी' ग्रंथव्यवहारात टिकून आहे. न्यायालयांत तर लांब 'लीगल' कागदाच्या एकाच बाजूस लिहिण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंनी छापल्यास शंभर पानांच्या अर्जाला शंभरऐवजी पन्नासच कागद लागतात. प्रत्येक अर्जाच्या अनेक प्रती काढाव्या लागतात, हे ध्यानात घेतले, तर कागदाच्या आकाराचा आणि वापराचा नियम पक्षकाराच्या खिशाशी आणि झाडांशी किती निगडित आहे, हे उमगते.